आबा, तुमचे पाढे माझ्या घरात नकोत

आबा,

काल तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळा मांडव तुमच्या मारावर हसला. वंदना झाली, आणि मग तुमचे जुने विद्यार्थी एकेक करून आदरांजलीला उभे राहिले. पहिला म्हणाला, "गुरुजींनी माझं कानशिलाजवळचं केस आसं काय वढलं व्हतं, की सतराचा पाढा आजून तोंडात हाय." लोक हसले. दुसऱ्यानं आपला कान दाखवला. तिसरा म्हणाला, "आत्ताची पोरं बिघडली, कारण आसा मास्तर ऱ्हायला न्हाई." तुमचा फोटो पांढऱ्या फुलांत होता आणि फोटोतसुद्धा तुम्ही कुणाचं तरी उत्तर चुकल्यासारखे बघत होता.

मग माइक माझ्यापुढं आला. "सुजाताताई, दोन शब्द बोला." मी मान हलवली. लोकांना वाटलं, लेकीला हुंदका आवरत नाही. हुंदका नव्हता, राग होता. बोलले असते तर पुढच्या सतरंजीवर बसलेल्या आईला मान खाली घालावी लागली असती, म्हणून गप्प राहिले. जे बोलायचं होतं ते इथं लिहिते, तुम्हालाच. माझं वाक्य तुम्ही मधेच तोडणार नाही, अशी ही पहिलीच वेळ.

सकाळी तुम्ही ओट्यावर दाढी करायचात. खिडकीच्या गजाला आरसा, अर्ध्या गालाला फेस. मी मागं वेणी घालत असायची. तोंड न वळवता तुम्ही विचारायचात, "सात आठे?" मला येत असायचं, आबा. दर वेळेला येत असायचं. पण तुमचा वस्तरा हवेत थांबायचा, आरशातून तुमचे डोळे माझ्यावर यायचे आणि आलेलं उत्तर निघून जायचं. मग ते कानशिलाजवळचे केस. तुम्ही वर ओढायचात तशी मी चवड्यांवर उभी राहायची. "मास्तरची पोरगी आन् सात आठे येत न्हाई." आत आई एखादं पातेलं उगाच आपटायची. बाहेर मात्र कधी यायची नाही. शाळेतही तुम्हीच. तिथं सगळ्यांच्या आधी मला उभी करायचात, स्वतःच्या पोरीला सूट देतो असं कुणी म्हणू नये म्हणून.

दहावीला मी गणितात नापास झाले. पहिली गणितं येत होती. ती सोडवून मान वर केली, तर पर्यवेक्षक समोर उभे राहून नुसते माझ्या पेपरकडे बघत होते. तेवढ्यानं डोकं रिकामं झालं. निकालादिवशी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पुढं कितीतरी दिवस बोलला नाहीत.

आता हेही लिहायला पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन. मामा माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते. "नापास पोरगी घरात ठिवून काय करतोस?" असं त्यांनी तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणालात, "पोरगी परत पेपर देनार हाय. चहा घ्या आन् निघा." ऑक्टोबरला तुम्ही मला गाडीवर बसवून शिरूरला नेलंत. पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभे होतात. सावली पलीकडे होती, पण तिथून माझी खिडकी दिसली नसती. मी पास झाले. शाबासकी म्हणून एक शब्द तोंडातून आला नाही. परत येताना रसवंतीवर थांबलात आणि रसवाल्याला म्हणालात, "पोरीच्या ग्लासात आलं-लिंबू टाक." आबा, त्या उन्हातल्या उभं राहण्याचं ऋण मी मानते. पण त्या बदल्यात माझ्या लेकीला, मैत्रीला, तुमच्या हवाली करावं, एवढं ते मोठं नव्हतं.

मैत्री झाली तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं. हिच्या डोक्यात आकडा येईल तेव्हा त्याच्यामागून कुणाचा हात येणार नाही. कसं शिकवायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी भांडगावजवळच्या रोपवाटिकेत सुपरवायझर. दिवसभर टोमॅटो-मिरचीच्या रोपांच्या ट्रेमधून फिरायचं, घरी येऊन भाकरी थापायची. मग भाकरी थापतानाच सुरू केलं. पोरीला म्हणायचं, "आज जेवायला कोण कोण? ताटं मांड." एक आईला, एक पप्पांना, एक मैत्रीला. तिच्या पप्पांना, विशालला, सेकंड शिफ्ट असली की ती त्याचं ताट उचलून परत फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "आता थोडी झाली." वजाबाकी हा शब्द मी काढलाच नाही.

डब्यांची झाकणं उतरवून तिच्यापुढं टाकायची. कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं ते ती हुडकत बसायची. बसलं नाही की दुसरं. मोज्यांच्या जोड्या लावायची. वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावताना लाल, निळा, लाल, निळा अशी ओळ करायची, आणि मी मुद्दाम मधे पिवळा लावला की ओरडायची. उंच ग्लासातलं पाणी वाटीत ओतलं की वाटी भरून सांडायची, तेव्हा तिला वाटायचं की पाणी वाढलं. परत ग्लासात ओतायची, परत वाटीत. फरशी ओली व्हायची. मी पुसायची, ती परत ओतायची. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी हे तिला तोंडात घास असतानाच कळलं. एकदा चतकोराला चतकोर जोडून म्हणाली, "आई, ही तर अर्धी झाली की!" तिच्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते माझ्या चेहऱ्यावर गणितानं कधीच आणलं नव्हतं.

दिवाळीनंतर दौंडच्या मावशीचं ऑपरेशन झालं. आई तिच्याकडं राहायला गेली आणि तुम्हाला स्वतःचा चहा करता येत नाही म्हणून तुम्ही आमच्याकडं आलात. मला बरंच वाटलं होतं, खरं सांगते. अंगणवाडी सुटल्यावर मैत्री शेजारच्या काकूंकडं बसायची, आता आजोबा घरात असतील म्हणून. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही झाकणांच्या पसाऱ्यापुढं उभे राहिलात.

"हे काय चाललंय गं?"

"गणित, आबा."

"कसलं गणित? नुसती भांडी मांडल्यात."

"कुठलं कशाला बसतं ते बघतीय ती. लहान-मोठं कळतं त्यातनं. पुढं मोजायलाबी लागंल आपोआप."

"आपोआप काय व्हत न्हाई. पाढे किती येत्यात?"

"साडेचार वर्षांची हाय आबा ती."

"मग? उशीर झालाय की."

विशालनं विषय बदलायला टीव्ही लावला. तुम्ही उठून बंद केलात. आणि मग ती गोष्ट सांगितलीत, जी मी तोपर्यंत कधीच ऐकली नव्हती. तुमच्या शाळेत मास्तर तुम्हाला दाराशी बसवायचे. "तुमच्या पोरांना कशाला पाहिजे रे गणित?" असं सगळ्या वर्गासमोर विचारायचे. एकदा साहेब तपासणीला आले आणि मास्तरांनी मुद्दाम तुम्हालाच उभं केलं, हसं व्हावं म्हणून. तुम्ही तिसापर्यंतचे पाढे म्हणालात. एकही आकडा न चुकता.

"त्या दिवशी एक आकडा चुकला आसता तर?" तुम्ही मला विचारलंत. "त्यांच्या पोरांची चूक खपती. पोरगं लहान हाय म्हनत्यात. आपलं पोरगं चुकलं की सगळी जातच आशी म्हनत्यात. खेळत खेळत शिकायला आपल्याला कुनी येळ दिला न्हाई, सुजाता. तुझ्या पोरीलाबी कुनी देनार न्हाई."

हे मला खोटं म्हणता आलं नाही. आजही येत नाही. रोपवाटिकेत एखाद्या ऑर्डरमध्ये ट्रे कमी निघाले की मालकाची नजर आधी कुठं जाते ते मला माहीत आहे. पण मला जे दिसत होतं तेही खोटं नव्हतं. मी म्हणाले, "ज्या मास्तरनं तुम्हाला दाराशी बसवलं, त्यालाच घरात घेऊन आलात तुम्ही. माझ्यापुढं तुम्ही तोच मास्तर हुता."

तुम्ही उठलात. चपला घातल्या आणि हायवेवरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलात. मला वाटलं, विचार करताय. तुम्ही विचार नव्हतात करत, तुम्ही ठरवत होता.

पुढच्या आठवड्यात मी एकदा लवकर घरी आले. दार लोटलेलं होतं. मैत्री कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती आणि तुम्ही खुर्चीत. "बे एके बे, बे दुणे चार," ती म्हणत होती. डोळे मिटलेले, आवाज लग्नातल्या बँडसारखा, वर चढत जाणारा. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "बघ. दहापर्यंत आला. चार दिवसांत. तुझ्या झाकनांनी वर्षभरात काय केलं?"

झाकणं दिसत नव्हती. तुम्ही ती जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकली होती.

मी पिशवीतून केळी काढली. दोन तिच्यापुढं ठेवली, दोन तुमच्यापुढं. "मैत्री, सगळी मिळून किती केळी?" तिनं केळ्यांकडं बघितलंच नाही. डोळे मिटले आणि सुरू झाली, "बे एके बे..." समोर चार केळी पडलेली आणि माझी पोर डोळे मिटून पाढ्यात ती शोधत होती. तिच्या कानशिलाजवळ लाल झालं होतं. मी हात लावला तशी ती चवड्यांवर उभी राहिली.

आबा, त्या क्षणी मला तुमचा तिटकारा आला. तोवर भीती होती, राग होता, तिटकारा नव्हता.

जेवायच्या वेळी मी म्हणाले, "मैत्री, ताटं मांड." ती जागची हलली नाही. "आई, मला नाही मांडायची."

"का गं?"

"चुकलं तर?"

विशाल माझ्याकडं बघत होता. तुम्ही तुमच्या ताटाची वाट बघत होता. मी म्हणाले, "आबा, उद्या सकाळी मी तुम्हाला एसटीत बसवून देते."

"आई दौंडला हाय. घरी कोन हाय?"

"शेजारी डबा देतील. मी फोन करते."

"बापाला घराबाहेर काढतीस?"

"हो."

असं तोंडावर 'हो' मी तुम्हाला जन्मात पहिल्यांदा म्हणाले असेन. सकाळी चौफुल्याला एसटीची वाट बघताना तुम्ही हायवेकडं बघत राहिलात. गाडी आली. पिशवी मी आत ठेवली. खिडकीतून एवढंच म्हणालात, "पोरीचं वाटोळं करशील." तळेगाव ढमढेऱ्याला उतरून केंदूरची जीप धरायची होती तुम्हाला, पिशवी जड होती, गुडघा दुखत होता. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी परत फिरले. आजही तशीच फिरेन.

तुम्ही गेल्यावर मला वाटलं होतं, झाकणं खाली काढली की झालं. झालं नाही. तिनं त्यांना हात लावला नाही. अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या, "पहिली स्वतःहून मोजायची, आता विचारलं की डोळे मिटती." काय करावं सुचेना. मग मी चुकायला लागले. कपडे वाळत घालताना हातात पाच चिमटे घेऊन मोठ्यानं म्हणायची, "हे बघ, तीन चिमटे." पहिल्यांदा ती घाबरली. माझ्याकडं नाही, दाराकडं बघितलं तिनं. आई चुकली म्हणून मला आता कोण येऊन मारतंय, हे बघितलं. त्या नजरेबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

विशालनंही धरलं ते. स्वतःच ताटं मांडायचा आणि स्वतःचं विसरायचा. मग तोंड पाडून उभा राहायचा, "मला आज उपाशी ठेवलं." ती आपलं ताट ओढून घ्यायची. बरेच दिवस असंच गेलं. थंडीत एकदा आम्ही मटार सोलत होतो. मी शेंग उकलली आणि म्हणाले, "या शेंगेत दोनच दाणे हायेत." ती खाली बघून पुटपुटली, "सात." मी म्हणाले, "छ्या, दोन." तिनं शेंग माझ्या हातातून ओढून घेतली, एकेक दाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि सातव्या दाण्याला किंचाळली, "आई, चुकलीस! चुकलीस तू!" आणि हसत सुटली. मी मटाराच्या टरफलांत बसून रडले. ती म्हणाली, "असू दे, परत मोज."

'असू दे, परत मोज.' हे वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकायला सगळं बालपण थांबले होते, आबा.

तुमच्या फुप्फुसात पाणी झालं तेव्हा आईचा फोन आला आणि आम्ही केंदूरला आलो. दवाखान्यातून घरी आणलं होतं तुम्हाला. बारीक झाला होतात, पण आवाज तोच. मैत्री दारातच थांबली. मी तिला पुढं ढकललं नाही. ती आपणहून आली, कॉटवर बसली, मोसंबी सोलली आणि वाटायला लागली. "आबांना एक, मला एक. आबांना एक, मला एक." शेवटी एक फोड उरली. तुम्ही म्हणालात, "उरली की. आता?" मी तुमच्या हाताकडं बघितलं. मैत्रीनं क्षणभर विचार केला, उठली आणि ती फोड चुलीपाशी बसलेल्या आईच्या तोंडात नेऊन घातली. "आजीला."

तुम्ही म्हणालात, "गनित दोघांचं हुतं."

बस. तेवढंच. मरणाच्या दारात, हातात नातीनं दिलेल्या मोसंबीच्या फोडी, आणि तुम्हाला तिची चूक दिसली. शेवटच्या दिवसांत गुरुजी मऊ झाले होते, असं काल एकजण म्हणाला. कुठं झाला होतात? निघताना तुम्ही माझा हात धरलात. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. त्या लाल झालेल्या कानशिलाबद्दल, एसटीबद्दल, नाहीतर निदान 'नीट जावा' म्हणाल. तुम्ही म्हणालात, "पाढे शिकीव तिला. ऱ्हाऊन जातील." त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत, कारण त्यानंतर तुम्ही राहिलाच नाहीत.

भांडण असं मधेच सोडून जायची ही तुमची जुनी खोड. एवढंच की या वेळेला चपला इथंच राहिल्या.

काल मांडव उतरल्यावर शाळेच्या समितीचे अध्यक्ष घरी आले. चांगला माणूस. तुमचाच विद्यार्थी. म्हणाले, "ताई, गुरुजींच्या नावानं दर वर्षी पाढे पाठांतराची स्पर्धा घ्यायचं ठरवलंय. अंगणवाडीच्या पोरांपासनं. स्टेज, माइक, ढाल, सगळं. तुमची संमती पाहिजे फक्त."

मला एकदम ती पोरं दिसली. हाताची घडी, मिटलेले डोळे, खाली बसलेले आईबाप.

"माझी संमती नाही," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "म्हंजी?"

"आबांच्या नावानं एकाही पोराला स्टेजवर उभं करून पाढा विचारायचा नाही. पाढे शिकवा, जरूर शिकवा. माइकवर नको."

ते आईकडं वळले. मीही वळले, आणि खरं सांगते, माझी खात्री नव्हती. आई जन्मभर पातेली आपटत आत राहिलेली बाई. ती म्हणाली, "लेक म्हनती तसं करा, दादा. नगं ती स्पर्धा."

अध्यक्ष चहा पिऊन गेले. जरा दुखावलेच. मग आई माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली आणि तुम्ही तिला जे कुणालाही सांगू नको म्हणाला होतात, ते तिनं सांगितलं. तुम्ही झोपेत पाढे म्हणायचात. रिटायर झाल्यावरसुद्धा. एकोणतिसाच्या पाढ्यात कुठंतरी अडकायचात, परत पहिल्यापासून सुरू करायचात, परत अडकायचात आणि दचकून उठून बसायचात. बनियन घामानं भिजलेली असायची. "कुनाला बोलू नगंस," असं म्हणायचात. आई पाणी द्यायची.

"मग तू मला का नाही सांगितलंस?" मी आईवर ओरडले.

"सांगून काय केलं आसतंस? भांडलीच आसतीस."

भांडलेच असते. आबा, आज समोर असतात तरी भांडले असते, आणि हे कळल्यावर माझा राग कमी झालाय असं समजू नका. तुम्हाला माहीत होतं ती भीती कशी असते. आतून माहीत होतं, म्हातारपणीसुद्धा. तरी तुम्ही ती माझ्यात घातलीत, आणि माझ्या पोरीत घालायला निघाला होतात. न कळता केलं असतंत तर सोसलं असतं.

तुमच्या नावानं शाळेत स्पर्धा होणार नाही. ते मी केलं आणि त्याचं मला काहीही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दाराशी बसवलेला एक लहान पोरगा साहेबांपुढं उभा आहे, एकोणतिसाचा पाढा चालू आहे, आणि त्या अख्ख्या वर्गात त्याला असं म्हणणारं कुणीही नाही, की चुकलं तर चुकलं रे, ये, बस इथं.